गटाने लिहिलेल्या शोधनिबंधाचे सिंहावलोकन कसे करावे

चार-पाच विद्यार्थ्यांनी मिळून शोधनिबंध लिहिणे ही महाराष्ट्रातील महाविद्यालयांत आता नित्याची गोष्ट झाली आहे. अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचे प्रकल्प पूर्वीपासूनच गटाने होत आले आहेत, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार क्षेत्रीय व संशोधन प्रकल्पांना श्रेयांक मिळू लागल्यापासून कला आणि वाणिज्य शाखांचे विद्यार्थीही प्रश्नावली, तक्ते आणि संदर्भसूची यांत गुंतलेले दिसतात. निबंध सादर झाला की मात्र गट पांगतो. कोठे मार्गदर्शकांनी अनुभवलेखनाची दोन पाने मागितलीच, तर त्यांत ‘आम्हाला संघभावनेचे महत्त्व कळले’, ‘वेळेचे नियोजन शिकता आले’ अशी वाक्ये उतरतात, जी कोणत्याही गटाने कोणत्याही विषयावर लिहिली असती तरी चालून गेली असती. अशी पाने लिहिणाऱ्याच्या उपयोगाची नसतात आणि वाचणाऱ्याच्याही नसतात.

सिंहावलोकन उपयोगी व्हायचे असेल, तर ते गटाने घेतलेल्या निर्णयांचे व्हायला हवे, असे माझे ठाम मत आहे. कोण कसे वागले याची चर्चा लवकर कडवट होते किंवा लवकर गोड होते, आणि दोन्ही वेळा हाती काही लागत नाही. याउलट विषय कोणी आणि का आखडता घेतला, माहिती कोणाकडून घ्यायची हे कसे ठरले, एखादा तक्ता गाळला गेला तो कोणाच्या सांगण्यावरून, असे प्रश्न विचारले की गटाचे काम कसे चालले तेही कळते आणि निबंधातील कच्चे दुवेही दिसतात.

निकाल लागण्याआधी बसावे

ही बैठक निबंध सादर केल्यानंतर आणि गुण किंवा परीक्षकांचा अभिप्राय हाती येण्यापूर्वी घ्यावी. या आग्रहामागे कारण आहे. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना १८१४ मध्ये पेटलेल्या इंग्रज-गुरखा संघर्षाचे वर्णन वाचायला दिले होते. काहींना त्याचा शेवट सांगितला नाही, तर इतरांना वेगवेगळे शेवट खरे म्हणून सांगितले. ज्या वाचकांना जो शेवट सांगितला गेला होता, त्यांना तोच पहिल्यापासून अधिक संभवनीय वाटला. परिणाम कळल्यावर माणूस आधीची अनिश्चितता विसरतो, आणि हे घडणारच होते असे त्याला मनापासून वाटू लागते.

विद्यार्थ्यांच्या गटात हेच घडते. चांगले गुण मिळाले की घाईत घेतलेला निर्णयही दूरदृष्टीचा ठरतो, आणि कमी मिळाले की ज्याने तो सुचवला त्याच्यावर खापर फुटते. गुण येण्यापूर्वीच्या आठवड्यात गटाला स्वतःच्या कामाबद्दल जी शंका आणि जो विश्वास वाटत असतो, तो त्याच वेळी कागदावर उतरला पाहिजे. निकालानंतर तोच कागद पुन्हा काढून वाचावा आणि परीक्षकांना जे खटकले ते आपल्याला आधी दिसले होते का, हे पाहावे. ही दुसरी बैठक अर्ध्या तासात आटोपते.

आधी प्रत्येकाने एकट्याने लिहावे

एकत्र बसण्याआधी प्रत्येक सदस्याने, इतरांशी न बोलता, तास-दीड तास देऊन स्वतःचे टाचण लिहावे. गटात बोलायला सुरुवात झाली की जो आधी बोलतो त्याच्या कथेला बाकीचे आपापल्या आठवणी जोडत जातात आणि पाच माणसांची एकच आठवण तयार होते. शांत स्वभावाच्या सदस्याला काय दिसले होते, ते मग कायमचे बुजते.

टाचणात तीन गोष्टी असाव्यात. निबंधाची दिशा ज्यांमुळे बदलली असे चार-पाच प्रसंग, आपापल्या समजुतीनुसार. त्या प्रत्येक वेळी आपण स्वतः काय केले किंवा बोलायचे टाळले. आणि इतर प्रत्येक सदस्याने केलेले निदान एक असे काम, जे आपल्याला जमले नसते किंवा आपण केले नसते. तिसरी गोष्ट शिष्टाचारासाठी सांगितलेली नाही. मायकेल रॉस आणि फियोरे सिकोली यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पती-पत्नींना वेगवेगळे बसवून घरातील निरनिराळ्या कामांत आपला वाटा किती, असे विचारले होते. बहुतेक जोडप्यांत दोघांनी सांगितलेल्या वाट्यांची बेरीज पूर्णाहून अधिक भरली. यात लबाडी असायलाच हवी असे नाही. आपण जागून काढलेली रात्र आपल्याला आठवते आणि दुसऱ्याची रात्र आपण पाहिलेलीच नसते. त्यामुळे पाच जणांच्या गटात प्रत्येकाला ‘निम्मे काम माझेच होते’ असे प्रामाणिकपणे वाटू शकते. इतरांचे काम एकेक करून लिहायला बसल्यावर हा अंदाज बराच ताळ्यावर येतो.

आठवणींच्या जोडीला नोंदी आणाव्यात

टाचणे झाल्यावर, पण बैठकीच्या आधी, गटातील एकाने कामाच्या मूळ खुणा गोळा कराव्यात. गूगल डॉक्सवर लिहिले असेल तर आवृत्त्यांचा इतिहास तारखेनिशी पाहता येतो. वर्डच्या फाइली एकमेकांना पाठवत लिहिले असेल तर ‘फायनल’, ‘फायनल २’ अशा नावांच्या सगळ्या फाइली बदलांच्या तारखांनुसार लावता येतात. व्हॉट्सॲप गटातील संभाषण एक्स्पोर्ट करून घ्यावे, मार्गदर्शकांनी मसुद्याच्या समासात लिहिलेले शेरे जपलेले असतील तर आणावेत, आणि भरलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा प्रत्यक्ष टेबलावर ठेवावा. त्यावरून साधा कालक्रम तयार करावा: कोणत्या दिवशी विषय ठरला, केव्हा बदलला, पाहणी केव्हा झाली, पहिला मसुदा कोणी कधी टाकला, मध्ये किती दिवस काहीच घडले नाही.

या कालक्रमाचा उपयोग कोणाला पकडण्यासाठी करू नये. आवृत्त्यांच्या इतिहासात टंकलेखन दिसते, विचार दिसत नाही. वहीवर हाताने लिहून दुसऱ्याला टाइप करायला देणाऱ्या सदस्याचे नाव त्या इतिहासात कोठेच येणार नाही, आणि घरी संगणक नसलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे वारंवार घडते.

निर्णयांचा माग कसा काढावा

आता बैठकीचा मुख्य भाग. एक उदाहरण कल्पून पुढे जाऊ. समजा, पाच जणांच्या गटाने एका तालुक्याच्या गावी भरणाऱ्या आठवडे बाजारातील भाजीविक्रेत्यांची कमाई आणि त्यांना मिळणाऱ्या सोयी यांवर निबंध लिहिला आहे. प्रश्नावली तयार केली, काही आठवडे बाजाराच्या दिवशी जाऊन ती भरून घेतली, एक्सेलमध्ये माहिती भरली, तक्ते काढले आणि इंग्रजीत निबंध लिहून सादर केला.

कालक्रम समोर ठेवून गटाने महत्त्वाचे निर्णय निवडावेत. पाच-सहा पुरेत, पंधरा निवडले तर एकाही निर्णयाच्या तळाशी जाता येत नाही. प्रत्येक निर्णयाबद्दल विचारायचे ते असे: त्या वेळी आपल्याला काय माहीत होते, दुसरे कोणते मार्ग खुले होते, ठरवले कोणी आणि कसे, आणि त्याचा ठसा निबंधात कोठे उमटला. यांतला ‘कसे’ हा प्रश्न सर्वांत फलदायी आहे, कारण विद्यार्थ्यांच्या गटातील बरेच निर्णय चर्चेने होतच नाहीत. कोणी तरी रात्री उशिरा एक पर्याय निवडून पुढे जातो, सकाळी बाकीचे अंगठ्याचे चिन्ह पाठवतात, आणि ते ठरले असे सगळे मानतात. असे निर्णय कोणते होते, हे शोधणे हे सिंहावलोकनाचे अर्धे काम आहे.

आपल्या उदाहरणातील पहिला निर्णय घेऊ: कोणाला विचारायचे. गटाने ‘भेटतील त्या विक्रेत्यांना’ विचारले. प्रत्यक्षात कोण भेटले? एसटी स्थानकाच्या बाजूने बाजारात शिरल्यावर जे समोर बसतात ते, आणि ज्यांच्यापुढे त्या वेळी गिऱ्हाईक नव्हते ते. म्हणजे ज्यांचा धंदा जोरात चालला होता, त्यांना बोलायला सवड नव्हती आणि ते नमुन्यात कमी आले. ‘सरासरी कमाई कमी आहे’ हा निबंधाचा निष्कर्ष काही अंशी या निवडीतून आलेला असू शकतो. पाहणी करताना हे कोणाच्याही मनात आले नसेल, पण गठ्ठ्यातील प्रश्नावल्यांवर जागेची आणि वेळेची नोंद असेल तर आताही ते तपासता येते, आणि नोंद नसेल तर ती का ठेवली नाही हाच पुढचा प्रश्न होतो.

दुसरा निर्णय कमाईच्या प्रश्नाचा. दोघांनी दिवसाचा गल्ला विचारला, तिघांनी गाडीभाडे, मालाची किंमत आणि बाजारवसुलीची पावती वजा जाता हाती काय उरते ते विचारले, आणि एक्सेलमध्ये दोन्ही आकडे एकाच रकान्यात गेले. हा घोळ प्रश्नावलीच्या पहिल्या चाचणीत सापडला असता. दहा-बारा जणांवर प्रश्नावली वापरून पाहणे आणि नंतर पाचही जणांनी एकत्र बसून उत्तरे ताडून पाहणे, एवढेच त्यासाठी लागले असते. ती चाचणी का झाली नाही? बहुधा तारीख जवळ आली होती. मग तारीख जवळ येईपर्यंतचे दिवस कोठे गेले? कालक्रम पाहिल्यावर दिसते की विषय ठरवण्यात आणि शीर्षक सुंदर करण्यात बराच वेळ गेला. अशा रीतीने एका निर्णयाचा माग दुसऱ्यापर्यंत नेतो. मला या साखळीचे मोल फार वाटते, कारण ‘वेळेचे नियोजन कमी पडले’ या पोकळ वाक्याच्या जागी आता नेमके काय आधी करायला हवे होते, ते गटाला सांगता येते.

तिसरा निर्णय बहुतेक गटांत कोणी घेतलेलाच नसतो, तो आपोआप घडतो: कोणी कोणाशी बोलायचे. संध्याकाळी घरी लवकर पोहोचायचे असल्यामुळे मुलींनी दुपारपर्यंत पाहणी केली आणि मुलांनी उरलेली संध्याकाळी केली, किंवा गर्दीत जायचे काम मुलांनी घेतले आणि माहिती भरण्याचे मुलींकडे आले. बाजारात विक्रेत्या महिलांची संख्या मोठी असेल आणि त्यांच्याशी बोलणारे सगळे मुलगेच असतील, तर शौचालयाची सोय किंवा लहान मुलाला बरोबर आणावे लागणे अशा गोष्टी उत्तरांत येण्याची शक्यता कमी होते. तेव्हा ‘सोयींबाबत विक्रेते समाधानी आहेत’ असा तक्ता निघाला असेल, तर तो विक्रेत्यांबद्दल जितके सांगतो तितकेच विचारणाऱ्यांबद्दलही सांगतो. कामाची वाटणी हा गटाचा घरगुती प्रश्न नाही. तिचा परिणाम थेट माहितीवर होतो, आणि म्हणून ती सिंहावलोकनात आलीच पाहिजे.

इंग्रजी, संगणक आणि श्रेय

मराठीतून पाहणी आणि इंग्रजीतून निबंध, ही आपल्याकडील अनेक गटांची स्थिती आहे. यातून एक उतरंड तयार होते, जिच्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. ज्याचे इंग्रजी बरे, त्याच्याकडे लेखन जाते. लेखन ज्याच्याकडे, त्याच्याकडे निष्कर्षही जातात. आणि ज्याने पाच आठवडे बाजारात उभे राहून विक्रेत्यांचे म्हणणे ऐकले, त्याला शेवटचा मसुदा वाचून ‘छान झाले आहे’ एवढेच म्हणता येते. या वाटणीत निबंधाचे नुकसान असते, कारण बाजारात जे दिसले ते ज्याला माहीत आहे तो आणि पानावर जे उतरते ते ज्याच्या हातात आहे तो, यांच्यात संवादच राहत नाही. गटाने स्वतःला विचारावे: निष्कर्षांचा मसुदा सगळ्यांना मराठीत एकदा तरी सांगितला गेला होता का? त्यातील एखादे विधान क्षेत्रात गेलेल्या सदस्याने खोडून काढल्याचा एक तरी प्रसंग आहे का? नसेल, तर पुढच्या वेळी निष्कर्ष आधी मराठीत, सगळ्यांनी मिळून, मुद्द्यांच्या रूपात लिहावेत आणि मगच इंग्रजी मसुदा करावा.

श्रेयाचा प्रश्न याच ठिकाणी उघडपणे घ्यावा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वासाठी चार अटी सांगितल्या आहेत: कल्पना, आखणी, माहिती मिळवणे किंवा तिचे विश्लेषण यांत भरीव वाटा, मसुदा लिहिणे किंवा त्यात आशयाच्या दृष्टीने महत्त्वाची दुरुस्ती करणे, अंतिम आवृत्तीला संमती, आणि संपूर्ण कामाच्या सचोटीची जबाबदारी. चारही पूर्ण करणारा तो लेखक, बाकीच्यांचा ऋणनिर्देशात उल्लेख. हे नियम वैद्यकीय क्षेत्रासाठी असले तरी इतर शाखांच्या गटांनीही कसोटी म्हणून वापरण्याजोगे आहेत. समितीने एक गोष्ट आवर्जून सांगितली आहे, ती मला विद्यार्थ्यांच्या गटांसाठी फार महत्त्वाची वाटते: पहिल्या अटीत बसणाऱ्या व्यक्तीला मसुदा वाचण्याची, सुधारण्याची आणि संमती देण्याची संधी मिळालीच पाहिजे. संधी नाकारून मग ‘तू लेखनात नव्हतास’ असे म्हणता येत नाही.

कोणी काय केले हे लिहून काढण्यासाठी ‘क्रेडिट’ नावाची १४ भूमिकांची यादी अनेक प्रकाशक वापरतात. संकल्पना, पद्धती, प्रत्यक्ष तपास, माहितीची देखभाल, विश्लेषण, पडताळणी, चित्रे व तक्ते, पहिला मसुदा, संपादन, कामाचे व्यवस्थापन अशा भूमिका तीत आहेत. प्रत्येक भूमिकेपुढे नावे लिहिल्यावर दोन गोष्टी लगेच दिसतात: कोणाचे नाव अपेक्षेपेक्षा जास्त ठिकाणी आले, आणि कोणती भूमिका रिकामी राहिली. विद्यार्थ्यांच्या निबंधांत ‘पडताळणी’ची ओळ हमखास रिकामी असते.

आणि जो खरोखरच काम करत नव्हता, त्याचे काय? गट मोठा झाला की प्रत्येकाचा जोर कमी होतो, हे मानसशास्त्राने फार पूर्वी नोंदवले आहे. १९७९ मध्ये बिब लाताने या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना टाळ्या वाजवायला व ओरडायला लावून हे मोजले, आणि नंतरच्या प्रयोगांत असेही दिसले की प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार आहे असे कळले की ही ढिलाई ओसरते. तेव्हा पहिला प्रश्न असा की त्या सदस्याकडे नाव घेऊन सांगता येईल असे स्वतंत्र काम सोपवले होते का. दुसरा प्रश्न, काय आड आले? शेवटची एसटी, घरची शेतीची कामे, अर्धवेळ नोकरी, इंग्रजीची भीती, की मुळातच विषयात रस नसणे? कारण कळल्यावरही तक्रार शिल्लक राहू शकते, आणि ती बोलून दाखवण्यात काही गैर नाही. मात्र बोलताना काम आणि परिणाम यांचीच नावे घ्यावीत. ‘तू कधीच वेळेवर देत नाहीस’ या वाक्याला उत्तर म्हणून भांडणच येते. ‘तिसऱ्या भागाचा मसुदा ठरल्या दिवसानंतर आठवड्याने आला, त्यामुळे तक्ते तपासायला वेळ उरला नाही’ या वाक्याला उत्तर देता येते.

बैठक घेताना

बैठकीचे सूत्रसंचालन शक्यतो दुसऱ्या गटातील एखाद्या विद्यार्थ्याने करावे. गटप्रमुखाने करू नये, कारण बरेचसे निर्णय त्याचेच असतात. मार्गदर्शकांनी पहिल्या भागात न बसता शेवटी यावे. त्यांच्यासमोर विद्यार्थी गुणांचा विचार करून बोलतात, आणि ते स्वाभाविक आहे. सर्वांत कमी बोलणाऱ्या सदस्याने आपले टाचण सर्वांत आधी वाचून दाखवावे. दोन तासांपेक्षा जास्त लांबवू नये.

लेखनात काय उतरावे

बैठकीनंतर प्रत्येकाने किंवा गटाने मिळून सिंहावलोकन लिहायचे असते. शिक्षणशास्त्राच्या आणि परिचर्येच्या अभ्यासक्रमांत ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेले सहा टप्प्यांचे चक्र खूप वापरले जाते: काय घडले, काय वाटले, चांगले-वाईट काय होते, ते तसे का झाले, निष्कर्ष काय आणि पुढे काय करणार. नवख्यासाठी हा आधार चांगला आहे, परंतु सहा मथळे देऊन प्रत्येकाखाली चार वाक्ये भरली की चक्र पूर्ण होते आणि विचार मात्र सुरूच होत नाही. निम्मी जागा ‘ते तसे का झाले’ याला द्यावी आणि ‘काय घडले’ हे शक्य तितके थोडक्यात आटोपावे.

फरक कसा पडतो ते पाहा. एक सर्वसाधारण वाक्य असे असते: ‘माहिती गोळा करताना आम्हाला अनेक अडचणी आल्या, परंतु सर्वांच्या सहकार्याने आम्ही त्यांवर मात केली.’ त्याच प्रसंगाचे सिंहावलोकन असे होऊ शकते: ‘पहिल्या दोन बाजारांना आम्ही सकाळी अकरानंतर पोहोचलो, त्यामुळे पहाटे माल उतरवून व्यापाऱ्यांना विकून निघून जाणारे शेतकरी आमच्या नमुन्यात आलेच नाहीत. तिसऱ्या बाजारी हे एका विक्रेतीच्या बोलण्यातून लक्षात आले, पण तोवर प्रश्नावल्यांची ठरलेली संख्या जवळपास पूर्ण झाली होती. पुन्हा पहाटे यावे असे मला वाटले होते. गटातील दोघांना बाहेरगावाहून यावे लागत असल्यामुळे मी ते बोललो नाही. आम्ही संख्येला कामाची पूर्तता मानले. पुढच्या पाहणीत प्रश्नावली करण्याआधी एक पूर्ण दिवस नुसता बाजार पाहण्यात घालवायचा, असे ठरवले आहे.’ या परिच्छेदात कोणावर ठपका नाही, लिहिणाऱ्याचा वाटा स्पष्ट आहे, आणि निबंधाच्या वाचकाला माहितीची मर्यादाही कळते.

चॅटजीपीटीसारख्या साधनांचा वापर झाला असेल, तर तोही याच लेखनात यावा. कोणत्या भागासाठी, काय विचारून, आणि आलेले उत्तर कोणी तपासले, हे नोंदवावे. वर उल्लेखलेल्या संपादक समितीने २०२३ मध्ये स्पष्ट केले की अशा साधनांना लेखक मानता येत नाही, कारण त्यांना कामाची जबाबदारी घेता येत नाही. जबाबदारी माणसांचीच राहते. ही साधने अस्तित्वात नसलेले संदर्भही खऱ्यासारखे लिहून देतात, तेव्हा संदर्भसूचीतील प्रत्येक नोंद कोणी तरी उघडून पाहिली होती का, हा प्रश्न बैठकीत नाव घेऊन विचारावा. साम्य तपासणीच्या, म्हणजे आपला मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो हे सॉफ्टवेअरने सांगणाऱ्या, अहवालावर समाधान मानू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यासाठी दंड नाही आणि त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई आहे, हे बहुतेक गटांना पाठ असते. परंतु आकडा दहाच्या आत आणण्यासाठी शब्द फिरवून लिहिलेला परिच्छेद दुसऱ्याच्या कल्पनेवरच उभा असतो. असा परिच्छेद निबंधात असेल तर तो कोणता, हे गटाला कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा चांगले माहीत असते.

जे सापडले ते निबंधात परत न्यावे

बैठकीत नमुन्याचा एकांगीपणा, दोन प्रकारच्या कमाईचा घोळ किंवा न उघडलेला संदर्भ सापडला, तर तो सिंहावलोकनाच्या पानांत ठेवून भागत नाही. शक्य असेल तर आकडे वेगळे करून तक्ता पुन्हा काढावा. ते शक्य नसेल तर निबंधाच्या ‘मर्यादा’ या भागात ती गोष्ट नेमक्या शब्दांत लिहावी; ‘वेळेअभावी नमुना लहान घ्यावा लागला’ हे ठरावीक वाक्य काढून टाकावे आणि कोण नमुन्यात आले नाही व त्यामुळे निष्कर्ष कोणत्या बाजूला झुकले असण्याची शक्यता आहे, ते सांगावे. सादर केलेली प्रत बदलता येत नसेल तर मार्गदर्शकांना लेखी कळवावे, आणि नियतकालिकाकडे पाठवला असेल तर संपादकांना. गुण कमी होतील या भीतीने बरेच गट येथे थांबतात. माझ्या मते स्वतःची चूक स्वतः शोधून ती आकड्यांनिशी मांडणारा गट परीक्षकांपुढे अधिक भक्कम उभा असतो, आणि मार्गदर्शकांनीही ही दुरुस्ती गुणांकनात धरायला हवी.

पुढच्या कामासाठी एका पानाचा लेखी ठराव करावा. त्यात चांगल्या इच्छा लिहू नयेत, पाळले की नाही हे तपासता येईल अशाच गोष्टी लिहाव्यात: प्रश्नावलीची चाचणी कधी, लेखकांच्या नावांचा क्रम कोणत्या टप्प्यावर ठरणार, मसुदा टाकल्यानंतर इतरांनी किती दिवसांत शेरे द्यायचे, मतभेद झाल्यास अंतिम शब्द कोणाचा, आणि रात्री एकट्याने घेतलेला निर्णय दुसऱ्या दिवशी गटापुढे कसा मांडायचा. हे पान पुढच्या वर्षीच्या गटालाही द्यावे.

दोन गोष्टी त्याच बैठकीत उरकाव्यात, कारण सुट्टी लागल्यावर त्या होत नाहीत. पाहणीतील मुख्य निष्कर्ष एका पानावर सोप्या मराठीत लिहून ते पान घेऊन पुढच्या बाजाराच्या दिवशी कोण जाणार, हे ठरवावे. ज्या विक्रेत्यांनी धंद्याच्या वेळेतून वेळ काढून उत्तरे दिली, त्यांना त्यांच्या उत्तरांचे काय झाले ते कळले पाहिजे, आणि एखादा आकडा चुकला असेल तर तो तेथेच कळेल. दुसरे म्हणजे भरलेल्या प्रश्नावल्या, मूळ एक्सेल फाइल आणि संमतीपत्रे कोणाकडे राहणार, उत्तरदात्यांची नावे व फोन क्रमांक त्यांतून केव्हा वेगळे करणार आणि गटातील सगळे महाविद्यालय सोडून गेल्यावर ती विभागात कोणाकडे सोपवणार, हे नावानिशी लिहून त्या कागदावर पाचही जणांच्या सह्या घ्याव्यात.